रांगेतला प्रबंध

सहाच्या एसटीनं नांदेडला मुलाखतीला निघायचं आणि पीएच.डी.चा प्रबंधच कपाटात नाही! महादेवीनं सगळं घर पालथं घातलं. मुलाखतीला मूळ प्रत आणाच, असं तिथल्या मोठ्या विद्यापीठानं बजावलं होतं. पीएच.डी.नंतर दोन वर्षं संशोधन, वर पगार, राहायला वसतिगृह आणि तिथं चोवीस तास नळाला पाणी. खरं सांगायचं तर महादेवीबाईंनी अर्ज त्या नळाकडं बघूनच केला होता. लातूरचा जिल्हा होऊन कित्येक वर्षं झाली. कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, पाणी तेवढं यायचं राहिलं.

"अप्पा, माझा प्रबंध बघितला का?"

तोंडातलं दातवण न काढताच तिचे वडील धोंडप्पा म्हणाले, "रांगेत हाय."

"कुठल्या रांगेत?"

"टँकरच्या. घागर ठिवली की चोरीला जाती. म्हणलं, कुणीच चोरणार न्हाई असं घरात काय हाय?"

महादेवी चौकात धावली. एक वीट आणि एक तुटकी चप्पल यांच्यामध्ये तिची सात वर्षांची मेहनत धुळीत पडली होती. रांग सांभाळणाऱ्या उमाबाईनं मुखपृष्ठावर गेरूनं ठसठशीत '३७' काढला होता. महादेवीनं प्रबंध उचलला मात्र, उमाबाई कडाडली.

"ए, ठिव खाली! वस्तू उचलली की नंबर गेला."

"काकू, मुलाखत हाय माझी!"

"मुलाखत पुन्ना हुईल गं. टँकर आठ दिसानं येतो. घरचं माणूस बसव, मग ने."

शेवटी दातवणासकट धोंडप्पा सदतीस नंबरला बसले, तेव्हा कुठं एसटी मिळाली.

नांदेडात समोर तीन प्राध्यापक. त्यातल्या थोरल्या सरांनी प्रबंध हातात घेतला आणि त्यांच्या पांढऱ्या बाहीला गेरू लागला.

"हे सदतीस काय आहे?"

आता लपवून काय उपयोग? महादेवीनं सगळं सांगून टाकलं. नंबर कोण देतं, पाहुणे आले तर काय, मयत झाली तर कुणी कुणाचं भरायचं, आणि उमाबाईचा शब्द कलेक्टरपेक्षा मोठा का. बोलता बोलता तिचा आवाज चढला.

"निजामाच्या काळात बारवांवर पाणी कसं वाटायचे, यावर तुम्ही चारशे पानं लिहिलीत," सर म्हणाले. "त्यात यातलं एक वाक्य नाही?"

"नाही सर. हे रोजचंच आहे, त्यात काय लिहायचं?"

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. गेली संधी, असं समजून महादेवी डोळे पुसत घरी आली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. निवड झाली होती! आई गौरम्मानं गल्लीभर साखर वाटली. महादेवीनं दुसरं पान वाचलं आणि ती बांधायला घेतलेली वळकटी सोडायला लागली.

"काय झालं गं?" धोंडप्पा घाबरले.

"विषय बदललाय अप्पा. टँकरच्या रांगेचे नियम. काम आपल्याच गल्लीत, रोज रांगेत बसून, दोन वर्षं. वसतिगृहाची गरज नाही म्हणतात."

धोंडप्पांनी पत्र हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं. त्यांचा ऊर भरून आला.

"म्हंजी रांगेत बसायचा पगार मिळणार? पोरी, शिकल्याचं सार्थक झालं बघ!"