खिडकीतून टाकलेलं व्याख्यान

"आजच्या अमेरिकन कादंबरीतला माणूस एका जागी थांबतच नाही. गतीतच त्याला मुक्ती सापडते," असं प्राध्यापक गहिनीनाथ म्हस्के यांनी ठणकावून सांगितलं, तेव्हा ते नगरच्या स्टँडवर सव्वादोन तास एकाच खांबाला टेकून उभे होते. शेजारच्या म्हातारबांनी पानाला चुना लावत विचारलं, "मंग आपली गाडी का येईना?"

सर निवृत्त होते, केडगावात एकटेच राहत. पत्नीला जाऊन तीन वर्षं झाली होती. दूधवाल्याशी दुधापुरतं सोडलं, तर दिवसभर तोंड उघडायचं कारण नसे. अशात देवळाली प्रवराच्या वाचनालयाचं निमंत्रण आलं. स्वतः पुण्यापलीकडे न गेलेल्या सरांनी महिनाभर खपून मोटारी, लांबलचक रस्ते आणि घर सोडून निघालेल्या नायकांवर बावीस पानं लिहिली. आरशाला दोनदा वाचूनही दाखवली.

गाडी आली. रिवाजाप्रमाणे लोकांनी खिडक्यांतून रुमाल, टोप्या टाकून जागा धरल्या. सरांचा रुमाल घरी राहिला होता, म्हणून त्यांनी व्याख्यानाची पिशवीच टाकली. जागा मिळाली. दारात मात्र कंडक्टर आडवा झाला.

"फुल झाली. मागची बघा."

"अहो, माझी पिशवी बसलीय आत."

"ती बसली. तुमाला कुठं बसवू?"

घंटी वाजली. गतीवरचं व्याख्यान राहुरीच्या दिशेनं निघून गेलं आणि सर पुन्हा खांबाला टेकले.

चारच्या व्याख्यानाला दुसऱ्या गाडीनं ते पोचले तेव्हा सहा वाजले होते. वाचनालयाचे चिटणीस रंभाजी दारातच भेटले.

"सर, लई झकास झालं भाषण."

"कुणाचं?"

"तुमचंच की. पिशवीत आमचं पत्र निघालं, म्हणून कंडक्टरनी आणून दिली. लोक खोळंबले हुते, मग मीच वाचलं. चाळीस मानसं, एक उठला न्हाई."

"कुणी काही विचारलं?"

"एकानं विचारलं, त्यो गडी येवढा हिंडतोय, तर घरी त्याची वाट कोन बघतं? बावीस पानांत सापडंना. मग सगळ्यांना च्या सांगितला."

रंभाजी परतीच्या गाडीची चौकशी करायला सायकलवर गेले. रिकाम्या सभागृहात सतरंजीच्या मधोमध सर, आणि कोपऱ्यात केरसुणी घेतलेल्या भागूबाई.

सरांनी घसा साफ केला. "बाई, त्या प्रश्नाचं उत्तर असं, की..."

पुढचं आठवेना. भागूबाई केरसुणी टेकवून वाट बघत राहिल्या. सरांना बरं वाटलं. तीन वर्षांत त्यांच्या शब्दासाठी कुणी असं थांबलं नव्हतं.

"सर," भागूबाई अखेर हळूच म्हणाल्या, "जरा सरकता का? सतरंजी गुंडाळायची हाय."