किकुएच्या शेडचं दार

मशरूमला अंधार लागतो, हे शेंबडं पोरही सांगेल! म्हणून किकुए गेल्यावर, एकोणपन्नासाव्या दिवसाच्या श्राद्धाला तिच्याच शेडमधल्या शिताके मशरूमचा भात वाढीन, असं मी सगळ्या नातेवाइकांना छातीठोकपणे सांगून बसलो. शेड चाळीस वर्षं बायकोनं सांभाळली, मी टपाल कचेरीत शिक्के मारले. पण त्यात अवघड ते काय? भुशाच्या पिशव्या तीच भरून गेली होती. मी फक्त पाणी मारायचं!

अंधार असा केला, की घुबडानं कंदील मागावा! खिडक्यांवर रजया ठोकल्या, फटींत चिंध्या कोंबल्या. महिना गेला. उगवलं काय? उंदराच्या शेपटीसारखे चार फिकट दांडे! अंधार कमी पडतोय, अशी माझी खात्रीच पटली. दार उघडलं की उजेड शिरतो, म्हणून आतून कडी लावून मीही तिथेच बसू लागलो. तिसऱ्या दिवशी डोकं फिरलं. कोयता उचलून ओरडलो, "बस्स! आज संपवूनच टाकतो!"

शेजारचा इवाओ नेमका बाहेर उभा होता.

पाच मिनिटांत दारावर कुऱ्हाडी! दार माझ्या पुढ्यात आडवं. मागून मेहुणी तात्सुको रडत धावली, "दाजी! असा अविचार करू नका हो!"

"अगं, पिशव्या फाडतोय! टोप्याच येत नाहीत!"

"टोप्या?" तिनं रजयांकडे पाहिलं आणि डोळे पुसता पुसता हसायलाच लागली. "अहो, उजेड नको का त्यांना? आत बुरशी पसरेपर्यंत अंधार चालतो, टोपी धरायला उजेडच लागतो. ताई रोज सकाळी खिडक्या उघडायची."

"मला कधी बोलली नाही."

"तुम्ही कधी विचारलंत?"

चाळीस वर्षांत? नाही. एकदाही नाही.

दार तसंच पडू दिलं, रजया उतरवल्या. दहाव्या दिवशी पिशव्यांवर तपकिरी टोप्या, बटणं टाकल्यासारख्या! भात झाला, सगळ्यांनी दोनदा घेतला.

इवाओ अजून ओशाळतो. "शिगेझो, मी आपलं भलतंच समजलो रे!"

"चालायचंच," मी म्हणतो.

तुम्हाला म्हणून सांगतो, पण त्याला सांगू नका. कोयता उचलला तेव्हा मी पिशव्यांकडे बघत होतो की नाही, ते मला नीटसं आठवत नाही. अंधारच तेवढा केला होता ना!