पंखा बंद, रंग वला

नांदेडच्या मे महिन्यात पंखा बंद करून बसणारा माणूस एकतर साधू असतो, नाहीतर त्याच्या घरची लाईट गेलेली असते. आमच्या गल्लीतले अप्पा या दोन्हींत बसत नाहीत. त्यांच्या माडीवर चांगला तीन पात्यांचा पंखा आहे, लाईटही असते, पण बटणावर त्यांनी चिकटपट्टी मारून ठेवलेली आहे. माणूस दारात आला की 'या, बसा'च्या आधी ऐकू येतं, "पंखा लावू नका, रंग वला हाय." पाठोपाठ, "श्वास जरा बाजूला सोडा." चहाचं नाव त्यानंतर, तेही निघालंच तर.

रंग ओला असायचा तो गाड्यांचा. तळहातावर मावणाऱ्या प्लास्टिकच्या गाड्या, परदेशातून सुट्या भागांत डब्यातून येणाऱ्या. अप्पांचं नाव सिद्रामप्पा. कापडाचं दुकान होतं, ते भाड्यानं दिलं. लग्न केलं नाही. उरलेला सगळा जन्म त्यांनी या गाड्या जोडण्यात, खरं म्हणजे बिघडवण्यात घालवला. डब्यावर चकचकीत लाल मोटार असायची. अप्पांच्या हातून बाहेर पडेपर्यंत तिची लोहा-नांदेड काळी-पिवळी जीप झालेली असायची. टपावर कांद्याची पोती, दारावर पोचा, आणि मागच्या बाजूनं बाहेर लोंबणारा कुणाचा तरी एक पाय.

"नवी गाडी काय करायची बाई?" ते म्हणत. "नवी म्हंजे तिला अजून काईच झालं न्हाई. त्यात बगायचं काय?"

मी लातूरची. लग्न होऊन या गल्लीत आले त्या पहिल्याच आठवड्यात हे गृहस्थ आमच्या दारात उभे राहिले आणि सासूबाईंच्या देखत मला म्हणाले, "सूनबाई, नेलपॉलिश हाय का? कोणताबी रंग चालतो." सासूबाईंनी पदर सावरला, मी दार सावरलं. मागून कळलं की नेलपॉलिशमध्ये टाल्कम पावडर कालवून ते गाडीच्या फटींत भरायची लांबी बनवतात. पुढं मी शाळेत लागले आणि सूनबाईची बाई झाले, पण नेलपॉलिश काही सुटलं नाही. माझ्या लग्नातल्या साडीच्या टिकल्या त्यांच्या एका ट्रकचे हेडलाईट होऊन बसल्या आहेत. माहेरी निघाले की हुकूम यायचा, "येताना चाकूरच्या रस्त्याची धूळ आणा. रानातली नको, रस्त्याची." शिकलेली बाई मी, एसटी चाकूरला थांबली की खाली उतरून कुंकवाच्या डबीत धूळ भरत होते. कंडक्टरला वाटायचं, काहीतरी नवस असावा.

या नादाची सुरुवात कशी झाली ते अप्पा स्वतःच रंगवून सांगत. त्यात दुसरं पात्र म्हणजे रहीमभाई पेंटर, देगलूर नाक्यावरचे. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागच्या ओळी, नंबरप्लेटी, अर्ध्या शहरावर त्यांचं अक्षर होतं. त्यांच्या मेव्हण्यानं आखातातून पोरासाठी एक मोटार पाठवली. डब्यावर अख्खी मोटार, आणि डबा उघडला तर आत नुसते तुकडे. रहीमभाईंच्या बायकोनं, भाभींनी, रडायलाच सुरुवात केली. एवढ्या लांबून आली आणि वाटेतच फुटली! मेव्हण्याला शिव्या झाल्या, विमानवाल्यांना झाल्या. मग रहीमभाई म्हणाले, "रोते कायकू? कपडे की दुकानवाले अप्पा हैं ना. वो जोड देते." कारण फुटलेले कप, चष्मे, देवाच्या मूर्ती चिकटवण्यात अप्पांचा हात धरणारा कुणी नव्हता.

डब्यातला माहितीचा कागद भाभींनी आधीच चुलीत घातला होता. अप्पांनी पंक्चरच्या सोल्युशननं तुकडे जोडायला घेतले. स्टिअरिंग डाव्या बाजूला बसू लागलं तेव्हा म्हणाले, "कंपनीला काय कळतंय?" आणि कापून उजवीकडं आणलं. नाक फार लांब वाटलं. एवढं नाक घेऊन गाडी भोकरच्या वळणावर वळणार कशी? तेही कापलं. इंजिनाचे बारके तुकडे कुठंच बसेनात, ते सामान म्हणून टपावर बांधून टाकले. रहीमभाईंनी काळा-पिवळा रंग दिला आणि मागच्या पट्टीवर सुईएवढ्या अक्षरांत 'माँ की दुआ' लिहिलं. पोरगं गाडी बघून खूश झालं, पण ही दोन मोठी माणसं इतकी खूश झाली की गाडी पोराच्या हाती काही लागली नाही.

वर्षभरानं मेव्हण्यानं दुसरा डबा पाठवला. तोही फुटलेला निघाला, तेव्हा कुठं दोघांच्या डोक्यात उजेड पडला.

मग मंडळ स्थापन झालं. अप्पा अध्यक्ष, रहीमभाई सचिव, आणि सभासद कुणीच नाही. नियम एकच, अध्यक्षानं ब्रशला हात लावायचा नाही आणि सचिवानं ब्लेडला. अप्पा गाडी कापून, जोडून, घासून करड्या रंगावर आणून ठेवत. दर रविवारी रहीमभाई सायकलवरून येत, माडीवर रंग देत आणि गाडी वाळेपर्यंत दोघं पंखा बंद करून घाम पुशीत भांडत. मी खालून ऐकायची. एकदा लाल एसटीच्या खिडकीखाली पानाची पिचकारी काढायची होती. ती सरळ खाली ओघळेल की मागं वळेल, यावर तीन रविवार गेले.

"गाडी चालू हाय, म्हून पिचकारी मागं जाती," अप्पा म्हणाले.

"गाडी भोकर के स्टँड पे खडी है. सीधी उतरती," रहीमभाई.

"उभ्या गाडीतून कोण थुंकतंय? माणूस उतरून थुंकतंय की!"

यावर रहीमभाई ब्रश उचलत म्हणाले, "हौ, ये बात सही है." पिचकारी मागं वळली. ती बस अजून फळीवर आहे. बघितली की मला आपल्या राज्याबद्दल एकदम जिव्हाळा वाटतो आणि किळसही येते.

बिघाड कधी सुरू झाला हे नेमकं सांगता येणार नाही. एका जीपवर भोकरची पाटी हवी होती, रहीमभाईंनी लोहा लिहिलं. अप्पांनी आकाशपाताळ एक केलं. पुढच्या रविवारी सचिव आलेच नाहीत, अप्पांच्या घराचा रस्ता विसरून गोवर्धन घाटाकडं गेले आणि कुणीतरी त्यांना रिक्षात घालून घरी पोचवलं. नंतर भाभींनी सायकलच विकून टाकली. तेव्हापासून रविवारी अप्पाच देगलूर नाक्याला जाऊ लागले. आणि ती पहिली काळी-पिवळी रहीमभाईंनी मागून घेतली, रंग ताजा करतो म्हणून. रंग दिला. दिला हे विसरले आणि परत दिला. मग परत. थरावर थर चढून जीपची दारं, फटी, खिळे सगळं बुजलं. 'माँ की दुआ' पार गेली. जीप साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झाली.

मी ती माडीवर पाहिली आणि मनात म्हटलं, आता अप्पा काही रहीमभाईंना सोडत नाहीत. केसाएवढी फट दिसली तर आठवडाभर न बोलणारा माणूस. पण अप्पांनी ती नुसती पुसून फळीवर ठेवली.

पुढं एकदा ठेचा द्यायला वर गेले तर टेबलावर लोणच्याची बरणी. आत काहीतरी पिवळसर तेलात बुडालेलं.

"अप्पा, लोणचं घातलंत?"

"हाव. जीपचं."

खरंच जीप होती. गाडीचं ब्रेक ऑईल प्लास्टिकवरचा रंग सोडवतं. अप्पा सोमवारी जीप बरणीत घालत आणि दोनेक दिवसांनी दात घासायच्या जुन्या ब्रशनं रंग खरडून काढत. रविवारी परत करडी, कोरी जीप रहीमभाईंच्या पुढं ठेवत.

"त्यो इचारतो, 'नई गाडी, अप्पा?' मी म्हणतो, हौ, नवी. मग बसतो रंगवत. ब्रश हातात असला का समदं आठवतं त्याला बाई. माझं नाव सुदीक. ब्रश ठिवला का गेलं."

दोन वर्षं त्यांचं हे चाललं होतं. तीच एक जीप. सोमवारी ओली, रविवारी नवी.

मी म्हटलं, "पण तीच का? फळीवर एवढ्या आहेत."

"त्या रंगावर त्याचा खरा हात हाय. त्यो कसा काढू?" मग बोटं पुढं करून दाखवली. थरथरत होती. "आन् नवीन जोडणं आता माझ्यानं व्हत न्हाई."

त्यांनी बरणीतून जीप काढून माझ्या हातावर ठेवली. बिस्किटाइतकी हलकी झाली होती. टपाला चीर गेली होती. ब्रेक ऑईल रंग सोडवतं तसं हळूहळू प्लास्टिकही ठिसूळ करतं, हे अप्पांना माझ्याआधी माहीत होतं. आता प्रश्न एवढाच होता, आधी जीप संपते की रहीमभाई. जिना उतरताना मला रडू आलं आणि रागही आला. कुणाचा ते अजून ठरलेलं नाही.

या उन्हाळ्यात एका रविवारी रिक्षा मिळेना, म्हणून अप्पा माझ्या स्कूटीवर मागं बसले. मांडीवर पुठ्ठ्याचा डबा. "खड्डा! बाई, खड्डा!" असं ओरडत आम्ही देगलूर नाका गाठला. आत जीप असणार हे ठाऊक होतं, पण अध्यक्ष आज तिला एवढं का जपत आहेत, मला कळेना. तिथं पोचल्यावर कळलं.

रहीमभाई खाटेवर बसले होते, अंघोळ घातलेले, केस विंचरलेले. भाभींनी रंगाच्या डब्या आणि ब्रश पुढं मांडून ठेवला होता. रहीमभाईंनी ब्रशकडं पाहिलं आणि तो चहाच्या कपात चमच्यासारखा फिरवला. भाभींनी तोंड फिरवलं.

अप्पांनी पुठ्ठ्याचा डबा उघडला. आत जीपचे तुकडे होते. घासताना हातातच मोडली होती.

"अप्पा, मोडलेली कामून आणली?" मी हळूच विचारलं.

"रविवार हाय न्हवं," ते म्हणाले.

रहीमभाईंनी तुकडे एकेक करून हातात घेतले, उजेडाकडं धरून पाहिले. कपाळाला आठ्या पडल्या. मग त्यांनी अप्पांकडं, म्हणजे समोर बसलेल्या कुणा अनोळखी म्हाताऱ्याकडं, मोठ्या मायेनं बघितलं.

"ये तो टूट गई," ते म्हणाले. "रोते कायकू? ऐसा करो, अप्पा के पास लेके जाओ. कपडे की दुकानवाले. वो जोड देते."

अप्पा रडत नव्हते. निदान तोवर तरी नव्हते.

"हौ," ते म्हणाले. "नेतो."

"बोलना, रहीम भेजा. ना नै बोलते अप्पा."

"हौ."

परतताना अप्पा एकाही खड्ड्याला ओरडले नाहीत.

दोन दिवसांनी भाकरी घेऊन वर गेले. जिन्यातच गार वारं लागलं. दारात पोचले तर पंखा फुल्ल चाललेला. चिकटपट्टी अर्धी सुटून बटणाशी फडफडत होती, टेबलावरची धूळ उडत होती, बारीक तुकडे घरंगळत भिंतीपर्यंत गेले होते. अप्पा पंख्याखाली हात मांडीवर ठेवून बसले होते.

"या, बसा," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

पंख्यावरून मी या माणसाला किती टोमणे मारले असतील त्याला गणती नाही. मी भाकरी खाली ठेवली आणि जाऊन बटण बंद केलं.

"लावा की बाई, उकडतंय. आता वलं काय न्हाई."

मी लावला नाही. गुडघ्यावर बसून भिंतीकडचे तुकडे वेचले, पुठ्ठ्याच्या डब्यात भरले आणि डबा त्यांच्यापुढं ठेवला. म्हटलं, "रहीमभाईंनी पाठवलंय."

अप्पा डब्याकडं बघत राहिले. हात लावला नाही. पात्यांचा उरलासुरला वाराही थांबला, आणि आम्ही दोघं घाम पुशीत बसलो.