सत्तेचाळीस नंबरचं शीड

चष्मेवाल्यांच्या जेवणाच्या टेबलावर त्या दुपारी ताटंवाट्या नव्हत्या. एक हेल्मेट होतं, तीन पट्टे होते, सांडलेले स्क्रू होते आणि काड्यापेटीएवढा एक कॅमेरा होता. बायको गरम पातेलं चिमट्यात धरून जागा शोधत उभी होती.

"हे कधी उचलणार?"

"फिल्म झाली की."

"तोवर मी पातेलं धरून उभी राहू?"

चष्मेवाल्यांनी टेबलावरचा एक स्क्रू उचलून पट्ट्यात पिळला. माणूस मोठ्या कामात गुंतला की पातेल्यासारख्या गोष्टी त्याला दिसत नाहीत, असं त्यांचं मत होतं. बायकोने पातेलं हेल्मेटवर ठेवलं, तेव्हा मात्र ते चटकन दिसलं.

या सगळ्याच्या मुळाशी एक होडी होती. होडी सासऱ्यांची. एका शिडाची, लाकडी, गावाबाहेरच्या तळ्यात बांधलेली. सासरे तीस वर्षं गाडीचे परवाने देणाऱ्या कचेरीत परीक्षक होते. उमेदवाराच्या शेजारी बसायचे, चकार शब्द बोलायचे नाहीत, फक्त त्याच्या हातांकडे बघायचे आणि पहिल्या वळणावरच त्याला मनातल्या मनात नापास करायचे. नोकरी संपली तरी सवय काही सुटली नाही. आता गुडघ्याचं ऑपरेशन झालं, होडीत चढणं बंद झालं, तेव्हा त्यांनी जाहीर केलं की पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला होडी दोघांपैकी एका जावयाला द्यायची. ज्याला वारा कळतो त्याला. दोघे जावई तळ्यावर विंडसर्फिंग शिकायला जातातच, तर तिथली फिल्म काढून आणा, डॉक्टर मला महिनाभर घराबाहेर सोडत नाहीत, असा हुकूम निघाला.

चष्मेवाल्यांचा त्या होडीवर जीव होता. अठरा वर्षं दर उन्हाळ्यात तिचा तळ खरवडून, रंग देऊन, ते पाठीला लेप लावून घेत होते, आणि अठरा वर्षांत सुकाणूला त्यांचा हात एकदाही लागला नव्हता. दुसरे जावई, म्हणजे चष्मेवाल्यांचे साडू, लिफ्ट बसवून द्यायच्या धंद्यात होते. घरात त्यांना लिफ्टवालेच म्हणायचे. लिफ्टवाल्यांनी होडीसाठी काय केलं होतं, तर पांढरी पँट घालून तिच्यात बसून फोटो काढून घेतले होते. पण बोलणं असं, की ऐकणाऱ्याला वाटावं, वारासुद्धा यांना विचारून सुटतो.

फिल्म काढायची म्हणजे फळीवर उभं राहायचं, हातात शिडाचा दांडा धरायचा आणि कॅमेरा कुठेतरी बसवायचा. चष्मेवाल्यांनी तो आधी दांड्यावर बसवला. चाळीस मिनिटं त्यांच्या नाकपुड्यांचं चित्रण झालं. मग डोलकाठीच्या टोकाला बसवला. त्यात वरून त्यांचं टक्कल दिसत होतं, पण फार थोडा वेळ, कारण टक्कल बहुतेक पाण्याखालीच असायचं. शेवटी हेल्मेटवर बसवला. सगळं मिळून दोन तास दहा मिनिटांची फिल्म झाली. त्यात ते उभे होते पन्नास सेकंद, आणि त्यातले वीस सेकंद विंडसर्फिंग शिकवणाऱ्या मास्तरांनी त्यांना मागून धरलेलं होतं.

बायकोने पाच मिनिटं बघितली. "कॅमेरा धुण्याच्या मशीनमध्ये टाकला होता का?" तिने विचारलं आणि ती कपडे वाळत घालायला गेली.

तरी चष्मेवाले हरले नाहीत. दुपारी एक ते चार त्यांचं चष्म्यांचं दुकान बंद असे. त्या वेळात ते दुकानातल्या कॉम्प्युटरवर कापाकापी शिकले. पडणं कापलं की उभं राहणं उरेल, असा त्यांचा हिशेब. पण पडणं कापल्यावर उरलेली फिल्म शिंक येऊन जावी इतक्या वेळात संपत होती.

अशातच लिफ्टवाले दुकानात आले. काचेच्या कपाटावर कोपर टेकून त्यांनी खिशातून कॅमेऱ्याचं कार्ड काढलं.

"साडूभाऊ, माझंही जरा कापून द्या. आम्हाला कुठला एवढा वेळ. तुमच्याकडे दुपारी कोण कुत्रं फिरकतंय."

चष्मेवाल्यांनी कार्ड घेतलं आणि अपमान गिळला. मात्र फिल्म लावल्यावर त्यांना घाम फुटला. कॅमेरा हेल्मेटवरचा, त्यामुळे माणसाचा चेहरा नाही, नुसते दांड्यावरचे दोन हात. पण काय हात! घट्ट, शांत, कुठे झटापट नाही. पाणी मागे पळतंय, फळी तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जातेय, वळतेय, परत येतेय. आपला साडू, जो घरात जिना चढताना दोनदा थांबतो, तो हे करतो? मत्सराने त्यांचं पोट दुखायला लागलं.

पोटदुखीवर त्यांनी जो उपाय केला तो सांगायला लाज वाटते, पण सांगणं भाग आहे. त्या फिल्ममधला बरा भाग त्यांनी साडूंसाठी कापला आणि सर्वांत चांगला भाग स्वतःसाठी ठेवून घेतला. चेहरा तर कुठेच नव्हता. ओळखू येऊ नये म्हणून एक बटण दाबून आपल्या वाटणीचं चित्र आरशात दिसावं तसं डावं-उजवं फिरवलं. उजवीकडचा काठ डावीकडे गेला, सूर्य दुसऱ्या बाजूला गेला. चष्मेवाल्यांनी ती फिल्म चारदा तपासली. एकही चूक दिसली नाही.

दिसणार कशी? त्यांचं दुकान होतं अरुंद. डोळे तपासायला लांबी पुरत नाही म्हणून अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे उलटा छापलेला टांगला होता आणि समोरच्या आरशात तो सुलटा दिसायचा. वीस वर्षं उलटी अक्षरं डोळ्यांसमोर असल्यामुळे या गृहस्थांना उलटं-सुलटं सारखंच वाचता येत होतं. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही माणसाला जे पहिल्या क्षणी खटकलं असतं, ते दुसऱ्यांचे डोळे तपासणाऱ्या या माणसाला चारदा बघूनही खटकलं नाही.

वाढदिवसाला सगळे सासऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत जमले. सासरे गुडघा स्टुलावर ठेवून खुर्चीत. दोघी बहिणी सोफ्यावर. आधी लिफ्टवाल्यांची फिल्म झाली, लिफ्टवाले मध्येमध्ये "इथे वारा फार अंगावर आला" वगैरे सांगत होते. मग चष्मेवाल्यांची लागली. आता साडू आपला माल ओळखून उसळणार, या भीतीने चष्मेवाले खुर्चीची कड धरून बसले. पण लिफ्टवाले उसळले नाहीत. उलट त्यांचा चेहरा उतरला, आणि फिल्म संपल्यावर त्यांनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की त्यांच्या बायकोने, म्हणजे थोरलीने, चमकून नवऱ्याकडे पाहिलं.

सासऱ्यांनी फिल्म मागे न्यायला सांगितली. मग आणखी मागे. मग थांबवायला सांगितली.

"शिडावर नंबर आहे. सत्तेचाळीस. पहिल्या फिल्ममध्ये सुलटा, दुसरीत उलटा," ते म्हणाले. "उजव्या अंगठ्याला चिकटपट्टी आहे, ती दुसरीत डाव्याला गेली. तीस वर्षं मी लोकांचे हात बघत आलो. हे एकाच माणसाचे हात आहेत. कोणाचे?"

चष्मेवाल्यांनी साडूंकडे पाहिलं. साडू सतरंजीची वीण बघत होते.

"यांचे नव्हेत," थोरली म्हणाली. "यांना साधं कुसळ टोचलं तरी घर डोक्यावर घेतात. पट्टी लागली असती तर मला कळलं नसतं?"

"यांचेही नव्हेत," चष्मेवाल्यांची बायको म्हणाली. तिला जास्त काही सांगावं लागलं नाही.

मग थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. लिफ्टवाल्यांनी स्वतःचं हेल्मेट कॅमेऱ्यासकट मास्तरांच्या डोक्यावर घातलं होतं आणि स्वतः काठावर शहाळं पीत बसून राहिले होते. म्हणजे लिफ्टवाले चोर आणि चष्मेवाले चोरावर मोर. दोघींनी कपाळाला हात लावला.

सासऱ्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला आणि चष्मेवाल्यांपुढे धरला. त्यावर होडीचं वर्णन होतं, खाली सही होती, आणि मध्ये चष्मेवाल्यांचं नाव होतं. तारीख मागच्या महिन्यातली.

"अठरा वर्षं तळ कोण खरवडतंय ते मला दिसत नव्हतं होय? देणार तुम्हालाच होतो. फिल्म मागितली ती तुम्ही पडता ते कबूल करता की नाही, एवढंच बघायला. पडलो म्हणून सांगणाऱ्याच्या हातात होडी सुखरूप राहते."

चष्मेवाले खुर्चीतून अर्धवट उठले. "बाबा, मी पडलोय ना. खूप पडलोय. दोन तास दहा मिनिटांची फिल्म होती माझी, त्यात दुसरं काहीच नव्हतं."

"मग दाखवा."

"काल पुसली," चष्मेवाले म्हणाले. "कॉम्प्युटरमध्ये जागा कमी पडत होती."

सासऱ्यांनी कागद परत खिशात ठेवला. नापास, ते म्हणाले. महिनाअखेरच्या रविवारी फेरपरीक्षा, प्रत्यक्ष तळ्यावर, आपण काठावर बसून बघणार, आणि कॅमेरा नजरेला पडला तर होडी सरपणाला देणार. लिफ्टवाल्यांची कंबर त्याच क्षणी धरली, ती पुढचे दोन महिने सुटली नाही. त्यामुळे परीक्षेला उमेदवार एकच उरला.

त्या रविवारी चष्मेवाले पडायच्या पूर्ण तयारीने गेले. आयुष्यात प्रथमच त्यांना जे येत होतं तेच करून दाखवायचं होतं. सासरे लांब धक्क्यावर दुर्बीण घेऊन बसले, शेजारी दोघी मुली आणि कंबर धरलेले लिफ्टवाले. फळ्या मात्र सुटायच्या क्लबच्या शेडच्या पलीकडून, धक्क्यावरून न दिसणाऱ्या बाजूने. मास्तर सोबत निघाले. दोघांचे अंगातले काळे रबरी पोशाख एकसारखे, हेल्मेटंही क्लबची, एकसारखी.

मास्तरांनी एकवार वाऱ्याकडे बघितलं आणि एकवार चष्मेवाल्यांच्या पोटाकडे. "वारा कमी आणि वजन जास्त. शिकाऊ शीड तुम्हाला ओढणार नाही. माझं मोठं घ्या, फळीसकट, मी तुमचं घेतो."

चष्मेवाल्यांनी सत्तेचाळीस नंबरचं शीड उचललं, दांडा धरला, पडायच्या बेताने मागे रेलले, आणि शिडाने त्यांना उचललं. ते पडले नाहीत. फळी निघाली. पाणी खरोखर मागे पळायला लागलं. तळ्याच्या मधोमध पोचले तरी ते उभेच होते, आणि तेव्हा त्यांना परीक्षा, होडी, साडू कशाचीच आठवण राहिली नाही. पन्नास वर्षांचा तो माणूस एकटाच मोठ्याने हसत होता. सगळं तळं सरळ रेषेत ओलांडून ते पलीकडच्या काठाला लागले, आणि मग त्यांना आठवलं की वळायचं आपण शिकलेलोच नाही.

इकडे मास्तरांची तारांबळ उडाली होती. तळ्यात पाणवेली माजल्या होत्या. मास्तरांच्या स्वतःच्या फळीखालचं पातं तिरकं होतं, त्याला वेल अडकत नसे. शिकाऊ फळीचं सरळ होतं, त्याला थोड्या थोड्या अंतरावर वेल गुंडाळायची. मग फळी गचकन थांबायची, मास्तर पाण्यात उतरायचे, वेल सोडवायचे, वर चढायचे, की पुन्हा तेच. कसेबसे ते पलीकडे पोचले. परत येताना मास्तरांनी स्वतःचं शीड घेतलं आणि चष्मेवाल्यांना शिकाऊ फळीवर पालथं झोपवून दोरीने ओढत आणलं.

चष्मेवाले धक्क्यावर चढले ते छाती फुगवून. सांगायला शब्द ओठांवर आले होते. पण सासरे त्यांच्याआधी उभे राहिले, काठीवर भार देऊन, आणि त्यांचे डोळे चक्क पाणावलेले होते.

"नऊ वेळा," ते म्हणाले. "मी मोजलं. नऊ वेळा पाण्यात गेलात आणि नऊ वेळा वर आलात. एकदाही सोडून दिलं नाहीत. जावईबापू, पास."

"आणि मास्तर काय गेले हो," लिफ्टवाले म्हणाले. "सत्तेचाळीस नंबर नुसता कापत गेला. असे हात असायला नशीब लागतं."

चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं. मास्तरांनी आभाळाकडे बघितलं. सासऱ्यांनी खिशातून तो कागद काढला आणि उघडून पुढे केला. बायकोने नवऱ्याच्या ओल्या पायावर आपला पाय ठेवला आणि हळूच दाबला. तिने दुर्बीण न लावताही तळ्याच्या मध्यावरचं ते हसणं ओळखलं होतं.

चष्मेवाल्यांनी एकदा तळ्याकडे पाहिलं, एकदा होडीकडे. मग त्यांनी कागद घेतला, नीट घडी घातली आणि मान खाली घालून म्हणाले,

"नऊ नाही बाबा, दहा. एकदा तुमचं लक्ष नव्हतं."