पट्टे नसलेली राणी

निगुडकरांना मी पहिल्यांदा चिलखतात पाहिलं तेव्हा ते पुठ्ठ्याचं होतं, आणि ते घालून निगुडकर लघवीला निघाले होते.

दारातच अडकले. चिलखताच्या दोन्ही खांद्यांवर हातभर लांबीचे काटे होते. निगुडकर तिरके झाले, मग आणखी तिरके झाले, मग एक गुडघा वाकवून आत शिरायचा प्रयत्न केला आणि डावा काटा चौकटीत मोडून बसला. तेव्हा मागे फिरून त्यांनी आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि अत्यंत शांतपणे जाहीर केलं, "बघून घ्या. हा वीर लढाईच्या आधीच मेला."

हा वेडेपणा वाटेल, पण तो आमच्या कामाचाच भाग होता, निदान निगुडकरांच्या मते. भोपाळच्या गोविंदपुऱ्यात पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचा स्टुडिओ आहे. परदेशातल्या कंपन्या व्हिडिओ गेम काढतात. त्यांत राक्षसांशी, ड्रॅगनशी लढणारे वीर असतात. त्या वीरांची चिलखतं, तलवारी, ढाली आम्ही संगणकावर घडवून देतो. खाली खरं लोखंड कापतात, वर खोटं. मी स्वतः चित्रकार नाही. क्लायंटच्या मेलमधला राग गाळून उरलेला मजकूर चित्रकारांना सांगायचा आणि चित्रकारांच्या उत्तरातल्या शिव्या गाळून उरलेला मजकूर क्लायंटला कळवायचा, ही माझी नोकरी. निगुडकर आले तेव्हापासून गाळायला जरा जास्तच होतं.

बाकी सगळी पोरं पंचविशीच्या आतबाहेरची. केस पिकलेले आम्ही दोघंच. निगुडकर मूळचे ग्वाल्हेरचे. आधी एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग्ज काढायचे. प्रत्येक बोल्ट कुठून आत जातो आणि कुठून बाहेर येतो, हे तिथे दाखवावंच लागतं. तो कारखाना बंद पडला, निगुडकर संगणक शिकले आणि आमच्याकडे आले. येताना बोल्टची सवय घेऊन आले.

कुठलंही चिलखत संगणकावर पुरं झालं की ते त्याची पुठ्ठ्यात नक्कल करत. कूलरची आणि फ्रिजची खोकी त्यासाठी ते सगळ्या शहरातून गोळा करायचे. मग ती नक्कल घालून खुर्चीत बसून बघायचे, डब्यातले पोहे खाऊन बघायचे, जिने चढून बघायचे. एकदा तर तसेच खाली चहाला गेले. टपरीवाल्याने वर पाहिलं आणि चहा गाळता गाळता विचारलं, "दादा, रामलीला में कौन बने हो?" निगुडकर म्हणाले, "पता नहीं भैया. जिसने बनाया उसको भी पता नहीं."

मोठ्या तलवारींवर त्यांचा विशेष राग. गेममधल्या तलवारी दाराच्या फळीएवढ्या रुंद असतात आणि वीर त्या एका हाताने काडीसारख्या फिरवतात. आमचा टीम लीडर तन्मय इंदूरचा, गुणी मुलगा, पण त्याचा अशा तलवारींवर फार जीव. निगुडकरांनी काय करावं? खालच्या कारखान्यातून त्याच मापाचा लोखंडी पत्रा कापून आणला. चौघांनी धरून तो वर चढवला आणि तन्मयच्या टेबलाला टेकवून ठेवला. "फक्त उचल," निगुडकर म्हणाले. "मारायचं नंतर बघू." तन्मयने उचलायचा प्रयत्न केला आणि पुढे आठवडाभर तो कमरेला मलम लावून येत होता. तो पत्रा अजून तिथेच आहे. खाली न्यायला कोणी तयार होत नाही.

बायकांच्या चिलखतांचा विषय निघाला की मी खोलीबाहेर जात असे. गेममधल्या वीरांगनांच्या छातीवर लोखंड असतं, खांद्यावर लोखंड असतं, आणि पोट उघडं. निगुडकर ते चित्र मोठं करून सगळ्यांना दाखवत आणि विचारत, "हिचं स्वतःच्या आतड्यांशी काय वैर आहे?" एकदा त्यांनी आमच्यातल्या चित्रकार झीनतला भर मे महिन्यात गच्चीवर नेऊन, उन्हात तापलेल्या पत्र्याला बोट लावायला सांगितलं. "आता हाच पत्रा उघड्या अंगावर घाल." झीनत म्हणाली, "सर जी, गेममधे भोपाळचं ऊन नसतं ना." निगुडकर म्हणाले, "मग कातडीपण नसेल."

पण त्यांचा सगळ्यात लाडका प्रश्न वेगळाच होता. कोणी कितीही देखणं चिलखत काढून दाखवलं, तरी निगुडकर ते पडद्यावर उलटं फिरवत, पाठ आणि कुशी न्याहाळत आणि म्हणत, "मस्त है यार. आणि हे बांधणार कोण?"

त्यांचं म्हणणं असं की खरं चिलखत माणसाला एकट्याने घालताच येत नाही. पट्टे कुशीत असतात, पाठीवर असतात, तिथे आपला हात पोचत नाही. राजा असला तरी बांधायला दुसरा माणूस लागतोच. म्हणून निगुडकर प्रत्येक वीराच्या चित्रात त्याच्या मागे एक माणूस काढत. मान खाली, हातात पट्टा, बक्कल आवळतोय. क्लायंट विचारायचे, हा कोण? ह्याचं नाव काय, ह्याची शक्ती काय? मी कळवत असे की तो चुकून राहिला आहे. तो पुसला जायचा. पुढच्या चित्रात निगुडकर तो पुन्हा काढायचे.

निगुडकरांपायी आम्हाला किती मनस्ताप झाला असेल! त्यात हे साहेब कामावर रोज उशिरा येणार. आले की कपाळावर घाम, आणि कारण विचारलं तर "सकाळी जरा काम असतं" एवढंच. मला ते आळशी वाटत आणि थोडे शिष्टही.

मग राणीचं काम आलं.

नवा गेम होता आणि ही राणी त्याची नायिका. क्लायंटचं म्हणणं स्पष्ट होतं. राणी कड्यावर उभी राहते, हात वर करते, वीज चमकते आणि चिलखताचे तुकडे आकाशातून उडत येऊन तिच्या अंगावर बसतात. पट्टे नकोत, बकलं नकोत, चामडं नको. निगुडकरांनी ते वाचलं आणि राणीला पट्टे काढले. शिवाय मागे बांधणारा माणूस. चित्र परत आलं. त्यांनी पट्टे आणखी ठळक करून पाठवलं. तेही परत आलं, आणि ह्या वेळच्या मेलमधला राग गाळल्यावर खाली काहीच उरेना.

तन्मय हात जोडून म्हणाला, "काका, फँटसी आहे हो ती. तुम्हाला ड्रॅगन चालतो ना?"

"ड्रॅगन चालतो. त्याला काही बांधावं लागत नाही."

तन्मयने मला बाजूला घेतलं. सोमवारपर्यंत क्लायंटला हवी तशी राणी मिळाली नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार आणि निगुडकरांना इथे ठेवणं आपल्या हातात राहणार नाही. "काळे काका, तुम्हीच सांगा त्यांना घरी जाऊन. माझ्याने बोलवत नाही."

शनिवारी सकाळी मी शिवाजी नगरात त्यांच्या क्वार्टरवर गेलो. क्वार्टर त्यांच्या पत्नीच्या नावावर होतं. शुभदावहिनी शिक्षण खात्यात होत्या, मी त्यांना कधीतरी एका हळदीकुंकवाला बायकोला सोडायला गेलो तेव्हा पाहिलं होतं. ठसठशीत बाई, खळखळून हसणाऱ्या. दार उघडंच होतं. आतून निगुडकरांचा आवाज आला, "कोण? काळे? या आत. मी उठू शकत नाही आत्ता."

वहिनी पलंगावर कुशीवर निजल्या होत्या. अंगात सुती कुडता. मी ओळखलंच नसतं, इतक्या वाळल्या होत्या. निगुडकर त्यांच्या पाठीशी प्लॅस्टिकचा एक पांढरा कवच-तुकडा सरकवत होते, खांद्यांपासून कमरेखालपर्यंत येणारा. मग त्यांनी वहिनींना अलगद उताणं केलं आणि दुसरा तुकडा छातीपोटावर ठेवला. दोन्हींच्या मधे कुशीत पट्टे होते.

मी मागे सरलो. वहिनीच म्हणाल्या, "बसा हो भाऊजी. आमचं रोजचंच आहे हे."

छातीतला कर्करोग मणक्यात उतरला होता. मणका कधीही खचेल, म्हणून ह्या कवचाशिवाय बसायचं नाही, उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सुरुवातीचे काही महिने त्या ते घालून ऑफिसलाही जात होत्या. आम्हाला कोणालाच ह्याचा पत्ता नव्हता.

निगुडकर कुडत्याची एकेक चुणी बोटाने काढत होते. चुणी राहिली की कवचाखाली कातडी सोलते, हे त्यांनी मला एखादं ड्रॉइंग समजवावं तसं समजावलं. "श्वास सोड," ते म्हणाले, आणि एक पट्टा आवळला. कवचाच्या कडेतून दोन बोटं आत घालून पाहिली. "दुखलं?"

"नाही."

"खोटं." पट्टा सोडला, पुन्हा बांधला. असं सगळ्या पट्ट्यांचं. मग मानेखाली हात घालून त्यांनी वहिनींना उठवून बसवलं, तेव्हा त्यांच्या कपाळावर तोच घाम होता जो आम्ही रोज ऑफिसात पाहत होतो. मला तिथून उठून निघून जावंसं वाटलं.

पण आलो होतो कामाला. मी चाचरत राणीची हकिगत सांगितली. निगुडकर मान खाली घालून ऐकत होते. वहिनी मात्र सरळ माझ्याकडे पाहायला लागल्या.

"म्हणजे तिला कोणी बांधायला नको?"

"नको."

"हात वर केला की झालं?"

"हो."

त्यांनी हात वर करून पाहिला. कवचाची कड काखेत अडली आणि हात खांद्याच्या वर गेलाच नाही. त्या हसल्या. "अहो, मग करून द्या ना त्यांना. मला तर तसंच पाहिजे."

"शुभदा, ते खोटं असतं. तसं काही होत नाही."

"खरं कसं असतं ते मला नका सांगू," वहिनी म्हणाल्या. "रोज सकाळी गाठोड्यासारखं बांधून घेते मी. तुमच्या हातांनी बांधून घेते म्हणून काय मला ते आवडतं? एकदा तरी उठून उभं राहावं वाटतं, कोणाला न बोलावता."

निगुडकरांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. त्यांनी आजवर जितकी चिलखतं पाहिली, ती सगळी बांधणाऱ्याच्या बाजूने पाहिली होती. बांधून घेणाऱ्याला काय वाटतं, हा प्रश्न पुठ्ठा अंगावर चढवूनही त्यांना पडला नव्हता.

ते मला फाटकापर्यंत सोडायला आले.  कडी काढता काढता म्हणाले, "करतो तशी राणी. पण काळे, त्या राणीपाशी मी कुठे उभा राहू?"

 मी म्हटलं, सोमवारी राणी घेऊन या. ते आले.

त्यांनी जी राणी केली ती पाहून पोरं खुर्च्या सोडून उठली. राणी हात वर करायची आणि आभाळातून पिसांसारखे हलके चंदेरी पत्रे यायचे, खांद्यांना पंख फुटायचे, पायांखालची जमीन सुटायची. पट्टा नाही, बक्कल नाही, कुठे सांधा नाही. पोटसुद्धा उघडं ठेवलं होतं. क्लायंटने इतकी स्तुती कळवली की मला काहीच गाळावं लागलं नाही. तन्मयने समोसे मागवले. निगुडकर समोसा न खाता लॅपटॉप घेऊन घरी गेले.

पुढच्या काही आठवड्यांत वहिनींचं बसणंही संपलं. आता कवच लागत नव्हतं. त्या गेल्या त्याच्या आदल्या आठवड्यात, एका संध्याकाळी मी भेटायला गेलो, तेव्हा निगुडकर पलंगाशेजारी स्टुलावर लॅपटॉप ठेवून त्यांना राणी दाखवत होते. पहिल्यांदाच नसावं ते, कारण हात कधी वर जाणार हे वहिनींना ठाऊक होतं. त्या क्षणाच्या जरा आधीच त्यांचे डोळे हसायचे.

"परत लावा," त्या म्हणाल्या. निगुडकरांनी परत लावलं. राणीने हात वर केला, चिलखत आलं, राणी उडाली आणि कड्यावर उतरली.

"आणि काढते कशी ती?"

निगुडकर गडबडले. हे क्लायंटने विचारलं नव्हतं आणि जन्मभर बकलं मोजणाऱ्या त्यांनीही ह्या वेळी विचारलं नव्हतं. "तसंच," ते म्हणाले. "हात खाली केला की विरून जात असेल."

"कोणाला हाक मारावी लागत नाही?"

"नाही."

"दुखलं का म्हणून कोणी विचारत नाही?"

"नाही विचारत."

वहिनींनी पडद्याकडे पाहिलं. राणी कड्यावर उभी होती. मागे ढग हलत होते, बाकी कोणी नव्हतं.

"बिचारी," वहिनी म्हणाल्या.

निगुडकरांनी लॅपटॉप मिटला आणि तोंडावर रुमाल धरून रडले. वहिनींनी त्यांचा दुसरा हात धरून ठेवला होता.  चहा करतो म्हणून मी आत गेलो आणि त्यांच्या ओट्याशी बराच वेळ उभा राहिलो.