घाण्याचा बोळ सातव्या मजल्यावर

उंबरडोहचा घाण्याचा बोळ रस्तारुंदीत पाडला गेला आणि नियमाप्रमाणे भालचंद्र निरगुडे यांच्या घरी, सातव्या मजल्यावर राहायला आला.

नियम साधा होता. विकासकामात गावातली एखादी जागा गेली, की तिच्याबद्दल ज्यानं सगळ्यांत जास्त हळहळ व्यक्त केली असेल त्याच्याकडे ती पाठवायची. नगरपालिकेची महानगरपालिका झाली त्याच सभेत हा ठराव झाला होता आणि त्याला कुणी हरकत घेतली नव्हती. नदीचा घाट डोळ्यांच्या एका डॉक्टरांकडे गेला होता. तंबूतल्या सिनेमाचं मैदान ज्यांच्याकडे जायचं ते गृहस्थ न्यू जर्सीला असल्यामुळे ते अजून व्हिसाच्या रांगेत होतं.

भालचंद्रराव वीज मंडळातून निवृत्त झालेले. उंबरडोहात आधी कारखाने आले, मग कारखान्यांत काम करणारे आले, मग त्यांच्यासाठी इमारती आल्या, आणि बघता बघता गाव इतकं वाढलं की जुनी माणसं रिक्षावाल्याला आपल्याच घराचा पत्ता सांगताना अडखळू लागली. भालचंद्ररावांना हे फार लागलं होतं. 'आठवणीतलं उंबरडोह' या मंडळाचे ते अध्यक्ष होते आणि प्रत्येक सभेत बोळावर बोलायचे. तेलाच्या घाण्यावरून येणारा पेंडीचा वास, संध्याकाळी ओट्यावर जमणारी मंडळी, सताड उघडी दारं. बोलता बोलता त्यांचा गळा दाटून यायचा आणि पहिल्या रांगेतले लोक चष्मे पुसायचे. बोळातलं घर बिल्डरला देताना संमतीची पहिली सही त्यांचीच होती, पण ते काही सभेत सांगण्यासारखं नव्हतं.

बोळ यायच्या आदल्या दिवशी पुनर्वसन विभागाच्या श्रीमती नजमा सय्यद घरी आल्या. मोजमापाची पट्टी घेऊन त्यांनी दिवाणखाना पाहिला.

"सोफा काढावा लागेल," त्या म्हणाल्या. "बोळ दारातून आत येईल आणि गॅलरीपर्यंत जाईल. गटार डाव्या हाताला. चालेल ना?"

"अहो पण बाई, मी बोळाबद्दल नुसतं बोललो होतो," भालचंद्रराव म्हणाले. "ती भावना होती."

"हो, भावना बघूनच दिलाय. यादीत आणखी दोन नावं होती, पण त्यांचा गळा दाटला नव्हता."

खरं सांगायचं तर भालचंद्ररावांना आतून गुदगुल्या झाल्या होत्या. स्वयंपाकघराच्या दारात त्यांची बायको इंदुमती उभी होती. श्रीमती सय्यद यांनी तिच्याकडे वळून विचारलं, "वहिनी, तुमची काही हरकत?"

"मला कोण विचारतंय," इंदुमती म्हणाली.

"मी विचारतेय."

"तुम्ही उद्या नसणार," असं म्हणून ती आत चहा टाकायला गेली.

बोळ जिन्यानं आला. लिफ्टमध्ये तो मावला असता, पण वळणं मोडली असती, असं कामगारांचं म्हणणं पडलं. जिन्याला वळणं होतीच, त्यामुळे तो सावकाश, आपल्या सवयीनं चढला. आला तो सगळा आला. झिजलेल्या शहाबादी फरश्या, डाव्या हाताचं गटार, खांबावरचा दिवा, निरगुड्यांचा ओटा, आणि मधोमध सार्वजनिक नळ. माणसं तेवढी नव्हती. ती आधीच निरनिराळ्या इमारतींत वाटली गेली होती. बोळाचं एक टोक दारात राहिलं आणि दुसरं गॅलरीत जाऊन टेकलं. पेंडीचा वास घरभर पसरला आणि भालचंद्रराव ओट्यावर बसून लहान मुलासारखे रडले.

रविवारी मंडळाची माणसं बोळ बघायला आली. दारात सगळ्यांची अडचण झाली, कारण बोळ म्हटला तर चपला घालून जायचं आणि घर म्हटलं तर काढून. शेवटी चपला हातात घेऊन सगळे आत आले. कुणी खांबाला हात लावला, कुणी गटाराशी उभं राहून फोटो काढला. वास घेऊन घेऊन सगळ्यांचे डोळे भरून आले. इंदुमतीनं केलेला भडंगाचा परातभर ढीग संपला.

"भालाभाऊ, नशीबवान आहात," दिवाकर शेटे म्हणाले. हे मंडळाचे चिटणीस. "आपलं बालपण तुमच्या घरात आहे."

"मग न्या की आठ दिवस," इंदुमती रिकामी परात उचलता उचलता म्हणाली.

शेट्यांनी घड्याळ पाहिलं. त्यांच्याकडे सध्या रंगकाम चालू होतं. दुसऱ्यांच्या सुनेला वासाची ॲलर्जी होती. तिसऱ्यांचा फ्लॅट तर भाड्याचा होता. "जपा हं त्याला," असं बजावून सगळे लिफ्टनं खाली गेले.

सोसायटीचे अध्यक्ष लुंकड हेही एकदा येऊन गेले. बोळ खाजगी धरायचा की सार्वजनिक, एवढाच त्यांचा प्रश्न होता. सार्वजनिक असेल तर त्यात गाडी लावायला सगळ्यांचा हक्क पोचत होता. पण रुंदी बघून त्यांनी तो विषय सोडून दिला.

भालचंद्ररावांचे दिवस मजेत जाऊ लागले. सकाळी उशिरा उठून ते ओट्यावर पेपर वाचत. संध्याकाळी खांबावरचा दिवा आपोआप लागे, मग ते तिथंच बसून चहा पीत. बायकोकडे त्यांचं लक्ष गेलं ते बऱ्याच दिवसांनी, आणि तेही चहा गार आला म्हणून.

"चहा गार कसा झाला गं?" त्यांनी विचारलं.

इंदुमती भिंतीच्या कडेनं, डोक्यावर पदर घेऊन, खाली मान घालून परत चालली होती. गेली सात वर्षं ती घरात गाऊन घालून वावरत होती. पदर त्यांनी कितीतरी दिवसांनी पाहिला.

"पदर कुणासाठी घेतलायस?" ते हसून म्हणाले. "आहे कोण इथं?"

"कुणी नाही, ते मलाही दिसतंय," ती म्हणाली. "पण हात जातो आपोआप. ओट्यावरून सगळे बघायचे ना, कोण कशी चालते ते."

"तुझं आपलं काहीतरीच. सगळी घरची माणसं होती."

"तुमच्या घरची."

ती आत गेली. त्यानंतर त्यांना एकेक दिसू लागलं. नळ पहाटे सूं सूं वाजायला लागला की इंदुमती दचकून उठायची आणि कळशी घेऊन नळाशी उभी राहायची. स्वयंपाकघरात चोवीस तास पाणी होतं. तरी ती उभी राहायची, रांगेत उभं राहावं तशी, मधूनमधून एक पाऊल पुढं सरकत. पाणी भरून आल्यावर तिला काय करावं ते कळायचं नाही, मग ते ती बेसिनमध्ये ओतून द्यायची. दुपारी ती गॅलरीत बसत नसे. या घरात आल्यावर तिनं हौसेनं वेताची एक खुर्ची आणली होती आणि कठड्यावर पाय टाकून रेडिओ ऐकत बसायची ती. आता त्या जागी बोळाचं तोंड होतं, आणि बोळाच्या तोंडाशी बाईमाणूस पाय पसरून बसत नसे.

"अगं, बस की तू खुर्चीत. कुणी अडवलंय?" भालचंद्रराव म्हणाले.

इंदुमतीनं हातातली कळशी खाली ठेवली. ती त्यांच्यासमोर, ओट्याच्या खाली, फरशीवर उभी राहिली.

"तुमची सगळी भाषणं मी ऐकली," ती म्हणाली. "मागच्या रांगेत बसून ऐकली. तुमच्या त्या बोळात दिवा आहे, वास आहे, गप्पा आहेत. त्या बोळात मी एकदा तरी पाणी भरताना दिसले का हो तुम्हाला? नवव्या महिन्यात या नळाशी मी घसरले. तुम्ही इथंच, ह्याच ओट्यावर बसला होतात. तुम्ही म्हणालात, कळशीला पोचा आला बघ."

"असं मी म्हणालो?"

"म्हणालात."

भालचंद्ररावांनी आठवून पाहिलं. त्यांना दिवा आठवला, वास आठवला. कळशी काही आठवेना.

"मी गाव गेल्याचं दुःख करत होतो इंदू," ते म्हणाले. "तुझ्याविरुद्ध नव्हतं ते."

"गाव गेलं तेव्हा मीच सुटले होते, दुसरं कोण. हा बोळ इथून जाऊ दे, नाहीतर मी जाते."

"असं कसं? सरकारी वस्तू आहे ती."

"बरं," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरून मिरजेला बहिणीकडे गेली. जाताना तिनं रेडिओ नेला.

पहिले काही दिवस भालचंद्ररावांना वाटलं, येईल राग शांत झाल्यावर. दरम्यान बोळ सकाळचा काय असतो ते त्यांना पहिल्यांदा कळलं. आयुष्यभर त्यांनी तो संध्याकाळी पाहिला होता, आणि सकाळी ऑफिसला जाताना सायकलवरून. आता पहाटे नळ वाजला की त्यांना उठावं लागे, कारण पाणी भरलं नाही तर ते घरभर व्हायचं. गटार रोज खराट्यानं काढावं लागे. खराटा कसा धरायचा हेही त्यांना ठाऊक नव्हतं. उन्हं चढली की पेंडीच्या वासात दुसरे वास मिसळायचे. या वासांबद्दल मंडळात कधीच कुणी बोललं नव्हतं. एका पहाटे नळाशी शेवाळ्यावरून त्यांचा पाय घसरला आणि गुडघ्यावर पडले ते पडलेच. बराच वेळ ते ओल्या फरशीवर बसून होते. समोर ओटा होता. त्यावर कुणी नव्हतं ही गोष्ट त्यांना बरी वाटली.

गुडघ्याला पट्टी बांधून ते पुनर्वसन विभागात गेले.

"बोळ परत घ्या," ते म्हणाले.

श्रीमती सय्यद यांना आश्चर्य वाटलं नाही. "घेतो. डॉक्टरांनी घाट कधीच परत केला. गुडघ्याला काय झालं?"

"पडलो."

"बहुतेक जण पडल्यावरच येतात. आता हायवेवर 'गावपण' म्हणून पार्क आहे, तिथं तो जाईल. जेवण, बैलगाडी, सगळं आहे. तिथं त्याला सांभाळतील, नीट धुतील. तुम्हाला भेटायला जाता येईल, सोमवार सोडून."

"त्याला... त्रास नाही ना होणार?"

"निरगुडे साहेब," त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "तो एकदा पाडलेला आहे."

बोळ गेला तेव्हा जिन्यात दोन ठिकाणी अडकला. कामगारांनी तो ओढून काढला. वरून भालचंद्रराव "जरा हळू" म्हणाले, पण गॅलरीतून खाली बघायला ते गेले नाहीत. इंदुमतीला फोन करून त्यांनी सांगितलं. ती म्हणाली, "आधी फिनेलनं फरशी पुसा, मग येते." त्यांनी तीनदा पुसली. ती आली.

मंडळाची सहल 'गावपण'ला निघाली तेव्हा अध्यक्ष म्हणून भालचंद्ररावांना जाणं भाग होतं. इंदुमती गेली नाही. पार्कात बोळ स्वच्छ होता, चुन्यानं रंगवलेला. पर्यटकांची बॅटरीवरची गाडी जावी म्हणून त्याची दोन्ही वळणं काढून त्याला सरळ केलं होतं. गटारावर काच बसवून आतून निळे दिवे लावले होते. पेंडीचा वास एका यंत्रातून थोड्या थोड्या वेळानं फुस्सकन सुटायचा. मंडळाच्या लोकांचे डोळे पुन्हा भरून आले. शेटे म्हणाले, "कसं जपलंय बघा. नाहीतर आपली माणसं!"

भालचंद्रराव त्या सरळ बोळात ओट्यावर जाऊन बसले. गुडघा दुखत होता म्हणूनच खरं तर बसले. पण पार्कचा व्यवस्थापक, प्रीतम बोथरा नावाचा उत्साही माणूस, लांबून पाहत होता. तो जवळ आला.

"काका, तुम्ही मूळचे इथलेच ना? काय बसलाय! शनिवार-रविवार याल का? धोतर, टोपी आम्ही देऊ. लोकांना फक्त जुन्या गोष्टी सांगायच्या. चांगल्या चांगल्या."

"माझ्या वडलांनी कधी टोपी घातली नाही," भालचंद्रराव म्हणाले.

"असू दे हो. घातलेली बरी दिसते."

त्यांना नाही म्हणायचं होतं. सगळं म्हणून टाकावं, नळाचं, शेवाळ्याचं, असंही क्षणभर त्यांच्या मनात आलं. पण समोर चार-पाच अनोळखी माणसं थांबली होती आणि ती त्यांच्याकडे फार मायेनं बघत होती. इतक्या मायेनं त्यांच्याकडे गावातही कुणी पाहिलं नव्हतं.

आता दर शनिवारी-रविवारी ते ओट्यावर असतात. दारं कशी सताड उघडी असायची, सुखदुःखाला सगळा बोळ कसा धावून यायचा, हे ते सांगतात. सरावानं गळा नेमका कुठं दाटवायचा ते त्यांना साधलं आहे. नळाशी एक बाई नऊवारी नेसून पितळी कळशी भरत असते. ती सांगलीच्या नाटक कंपनीतली आहे आणि कळशी रिकामीच असते, म्हणून ती खूप छान हसते.

मागच्या रविवारी गाडीतून एक पुण्याकडचं कुटुंब उतरलं. त्यांच्यातली दोन वेण्यांची मुलगी गोष्टी ऐकून झाल्यावरही हलेना.

"आजोबा, इथं एवढं छान होतं?"

"तर! स्वर्ग होता स्वर्ग."

"मग तुम्ही सगळे इथून गेलात कशाला?"

बोथरानं त्यांना बऱ्याच प्रश्नांची उत्तरं देऊन ठेवली होती. हे त्यांत नव्हतं. भालचंद्ररावांनी टोपी जरा मागं सारली. मुलीची आई मोबाइल धरून त्यांचं उत्तर टिपायला थांबली होती. कळशीवालीही हसायची थांबून ऐकू लागली.

"पुढं चला बाळ," ते म्हणाले. "पुढं तालीम आहे, तिथं लाल माती आहे. मागं गर्दी होतेय."