कोटासकट बाहेर

दुपारी ॲडमिरल गॅलियनबाई सही करणार आणि उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात राखण करणाऱ्या नव्या डिझेल पाणबुड्यांचा आराखडा कायमचा पक्का होणार. ओटावाच्या त्या कचेरीत सगळे खुशीत होते, एक कमांडर टिझर्ड सोडून. शिडी चढून बर्फावर निघायचं वरचं गोल दार चार बोटं अरुंद आहे, हा त्यांचा हेका.

"दार वाढवलं की भोवतीचं सगळं पोलाद जाड करावं लागतं," कारखान्याचे इंजिनिअर ब्रुन्स म्हणाले. "खलाशांनी कोट काढायचा, बाहेर यायचं, मग घालायचा."

"उणे तीसमध्ये?"

"दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे."

टिझर्डनी वाद घातला नाही. खुंटीवरचा ध्रुवाकडचा जाडजूड कोट अंगात चढवला आणि कोपऱ्यात उभ्या केलेल्या नमुन्याच्या प्लायवूडच्या दारात खालून शिरले. डोकं आलं, हात आले, आणि काखेखाली कोट असा गच्च बसला की ना वर, ना खाली.

"बघितलंत?" ते समाधानाने म्हणाले.

"बघितलं. आता या बाहेर."

"तेच तर म्हणतोय. येता येत नाही."

पलीकडे चीफ लिओना पॉवर हिवाळी जत्रेसाठी पॅनकेक भाजत होती. हाक ऐकून तवा तसाच टाकला आणि लोण्याचं भांडं घेऊन धावली.

"साहेब, पोट आत घ्या."

"पोट खाली आहे गं. कोट अडकलाय."

"मग हट्ट थोडा आत घ्या."

तिने कोटाला लोणी चोपडलं, चौघांनी ओढलं. इकडे पॅनकेक करपले, धूर झाला, आगीची घंटा वाजली. घंटा झाली की आहे तसं बाहेर पडायचं, हा नियम. मग दाराची फळीच सोडवली आणि देवाची पालखी निघावी तसे टिझर्ड चौघांच्या खांद्यावरून अंगणातल्या बर्फात आले. नेमकी तेव्हाच ॲडमिरलबाईंची गाडी थांबली.

"कमांडर, हे काय?"

"आराखड्यातला दोष दाखवतोय, मॅडम. सध्या मी त्याच्यातच आहे."

ब्रुन्स पातळ जाकिटात उभे होते. ओठ निळे पडत चालले होते.

"माझा कोट आत राहिलाय," ते लिओनाला म्हणाले. "पटकन घेऊन येऊ?"

"बंबवाले सांगेपर्यंत कुणालाच आत सोडत नाहीत हो."

"सावकाश होऊ दे," वरून टिझर्ड म्हणाले. "मला इथे छान ऊब आहे. ब्रुन्स, दोन मिनिटं झाली का?"

"ए... एक झालं."

ॲडमिरलबाईंनी एकदा कोटातल्या माणसाकडे पाहिलं, एकदा कुडकुडणाऱ्याकडे.

बंबवाला करवत घेऊन आला. "कुठून कापू?"

टिझर्ड तोंड उघडणार, तेवढ्यात ब्रुन्स काखेत हात खुपसून पुढे झाले.

"चहूकडून दोन-दोन बोटं. म्हणजे रुंदी चार बोटं वाढेल. मॅडम, आराखड्यातही तेवढीच वाढवतो. पण आधी ह्यांना बाहेर काढा, मला तो कोट हवाय."